मोरणीचं दावं

सारंगखेडे, ता. शहादे
६ सप्टेंबर १९५९

प्रिय अख्तर,

आजपासून मराठीत लिहिते आहे, रागावू नकोस. नेहमीप्रमाणे इंग्रजीत लिहायला बसले तर दुसऱ्याच ओळीला मान ताठ झाली. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर पट्टी घेऊन पाठीमागे उभ्या आहेत असं वाटायला लागलं. आपण दोघी पन्नाशीला आलो, आता तरी मोकळं लिहू. शिवाय आज मला भांडायचं आहे, आणि इंग्रजीत मला अजून नीट भांडता येत नाही.

भांडण छगनशी आहे. शेतकी कॉलेज संपवून पुण्याहून आल्यापासून माझा मुलगा घरातही छापील मराठी बोलतो. परवा जेवताना म्हणाला, "आई, मोरणी आता कालबाह्य झाली आहे." मी म्हटलं, भाकरी घे. तो म्हणाला, "मी नवी मोटार नोंदवली आहे." माझा हात ताटातच राहिला.

मोरणी गाडी तू फोटोत पाहिली आहेस, पण आज मला तिच्याबद्दल बोलायचंच आहे. अडतीस साली जिनिंगचा गोरा साहेब विलायतेला निघाला तेव्हा यांनी ती हौसेनं घेतली आणि पहिल्याच दिवशी कापसाच्या ढिगात घातली. यांना लांबचं दिसत नाही हे त्या दिवशी गावाला कळलं. ढिगातून बाहेर येऊन, मिशीतला कापूस काढत हे मला म्हणाले, "तूच चालव. मी बाजूला बसतो." तेव्हापासून मी चालवते आणि हे बाजूला बसतात. आमच्या संसारातलं सगळं चांगलं बोलणं त्या पुढच्या दोन सीटांवर झालेलं आहे.

त्या गाडीत न कळण्यासारखं काही नाही. पेट्रोल किती उरलं ते बघायला टाकीत काठी बुडवायची. पाणी गळायला लागलं तर रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायची. पट्टा तुटला तर नाडा बांधायचा. सेल्फ बेचाळीस सालीच बंद पडला, तेव्हापासून पुढून हँडल मारून इंजिन फिरवायचं. कापडी टप उघडला की पिसारा फुलवल्यासारखा दिसतो, म्हणून गड्यांनीच मोरणी नाव ठेवलं.

आणि नवी गाडी? छगननं चित्र दाखवलं. उकडलेल्या अंड्याला चाकं लावली आहेत. गियर जमिनीतून वर येत नाही, स्टिअरिंगला चिकटवलाय, छत्रीच्या दांड्यासारखा. इंजिनबद्दल विचारलं तर म्हणतो, "आई, ते बघायची गरजच पडत नाही." ज्या गाडीच्या पोटात डोकावायचं नाही ती आपली कशी म्हणायची?

पण अख्तर, हेही मी सोसलं असतं. खरी गोष्ट वेगळीच आहे. नव्या गाडीबरोबर ड्रायव्हर येणार आहे, दिलवरसिंग नावाचा. छगन म्हणतो, "आता तू मागं आरामात बसायचं." मागं. म्हणजे मला शेतावर जायचं तर दिलवरसिंगला विचारायचं, शहाद्याला जायचं तर दिलवरसिंगचं जेवण झालं का ते बघायचं. मोरणी गेली की माझ्या हातातलं चाक गेलं, आणि या वयात ते मला दुसरं कुणी देणार नाही.

काहीतरी सुचव.

तुझी,
सरला


नंदुरबार
१७ सप्टेंबर १९५९

प्रिय सरला,

तुझं पत्र वाचून माझं डोकं तापलं. आधी एक गोष्ट: पिसारा मोराला असतो, मोरणीला नसतो. हे मी तुला पूर्वीही सांगितलं होतं आणि तू तेव्हाही ऐकलं नव्हतंस.

आता नव्या गाड्या. त्यांच्याबद्दल मी काय बोलू? गादी इतकी मऊ की गुडघे हनुवटीला लागतात आणि उतरताना कुणाचा तरी हात धरावा लागतो. काच खाली करायची तर मूठ फिरवत बसा. ती अर्ध्यावर अडकते, मग तळहातानं जरा दाबून उलटी फिरवली की सुटते. गियर आधी आपल्याकडे ओढायचा आणि मगच खाली न्यायचा. घाईत नुसताच ढकलला तर गाडी मागं जाते आणि मागे जे काही असेल, समज एखादा गवताचा भारा असेल, त्याचं नुकसान होतं. हे सगळं ऐकीव हं. शेजारी एकांनी घेतली आहे.

आमची जुनी बेबी गाडी वखारीत आहे. तब्येत उत्तम. फारशी कुठं जात नसल्यामुळं असेल.

तुला तुझ्या चाकाचं दुःख आहे ते मला किती कळतं म्हणून सांगू. मी गाडी शिकले आणि आजवर चालवली ती वखारीच्या फाटकाच्या आत, सागाच्या ओंडक्यांना वळसे घालत. फाटकाबाहेर अजीज साहेब चालवतात. ते वाईट नाहीत, पण त्यांच्या अम्मी म्हणायच्या की बाजारातून गाडी चालवत जाणारी सून म्हणजे उद्या निवडणुकीला उभी राहील. अम्मी गेल्या, पण फाटक तसंच आहे. शहाद्याच्या बाजारातून तू भोंगा वाजवत जातेस हे मी आमच्या सगळ्या बायकांना सांगते, जणू मीच गेले होते. तुझं चाक गेलं तर माझंही गेलं.

भाईदासभाऊंना आपल्या बाजूला घे. घर त्यांचं, गाडी त्यांची. छगनला ते नाही म्हणू शकतात.

तुझी,
अख्तर


सारंगखेडे
१५ ऑक्टोबर १९५९

प्रिय अख्तर,

तू यांना ओळखत नाहीस. हे आजवर कुणालाच नाही म्हणालेले नाहीत. मी म्हटलं, मोरणी विकायची नाही, तर म्हणाले, "बरं." छगन म्हणाला, विकून टाकू, तर म्हणाले, "बरं." दोन्ही बरं एकाच आवाजात. मग उठून कपाशी बघायला गेले.

मग मी ठरवलं की छगनलाच पटवायचं. त्याला बाजूला बसवून मळ्यात नेलं. बांधावरून, ओढ्यातून, उसाच्या सरीतून, मोरणी जनावरासारखी शहाणी चालली. परत येताना फॅनचा पट्टा तुटला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. खाली उतरले, नाडा बांधला, हात पुसले, पुन्हा निघालो. मी म्हटलं, "बघ, किती सोपं आहे." तो म्हणाला, "बघ, किती तुटतं." एकच नाडा, आणि आम्ही दोघांनी दोन बाजूंनी ओढला.

दसऱ्याला मोरणीला झेंडूची माळ घातली, चाकांना हळदकुंकू लावलं. तिथंच, माझ्या हातात आरतीचं ताट असताना, छगन म्हणाला, "दत्तजयंतीच्या यात्रेत हिला उभी करू. तिथं सगळं विकलं जातं."

आमच्या यात्रेत घोडी विकतात हे तुला माहीत आहे. तर माझ्या मोरणीला घोड्यांच्या रांगेत उभी करणार. हे म्हणाले, "बरं."

भेटायला ये म्हणणार होते, पण मध्ये तापी आहे आणि तू नावेत पाय ठेवायची नाहीस. शाळेच्या सहलीत तू काठावरच डबा खात बसली होतीस, आणि आम्ही सगळ्या जणी पलीकडून तुला हाका मारत होतो.

सरला


नंदुरबार
५ नोव्हेंबर १९५९

प्रिय सरला,

कार्डच लिहिते. दिवाळीत सुरतेला जाऊन आलो. रस्त्यात एकदाही थांबावं लागलं नाही, फार कंटाळा आला. कशानं गेलो ते विचारू नकोस, घाईत आहे.

एक युक्ती सुचली आहे. घोड्यांच्या बाजारात सगळे दोष लपवतात ना? तू लपवू नकोस. मोरणीजवळ उभी राहा आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिचे सगळे दोष खरे खरे सांग. एकही गिऱ्हाईक टिकणार नाही. खोटं बोलण्याचं पापही नाही.

अख्तर


सारंगखेडे
२० डिसेंबर १९५९

प्रिय अख्तर,

तुझ्या युक्तीनं मोरणी विकली गेली.

नीट सांगते. यात्रेत मोरणी उभी केली. एका बाजूला एक पांढरी शुभ्र घोडी, दुसऱ्या बाजूला नाचणारं शिंगरू, आणि मध्ये माझी गाडी, कपाळाला शेंदूर. कुणीतरी पुढच्या बाकावर कडब्याची पेंढी ठेवून गेलं. लोक येत, दिव्यांत डोकावत आणि दात बघितल्यासारखं करून हसत पुढं जात. मी छत्री घेऊन तिथंच उभी. जो थांबेल त्याला सांगायची: टप गळतो, सेल्फ नाही, ब्रेक उशिरा लागतो. दुपारपर्यंत तुझ्या युक्तीनं छान काम केलं.

मग वीरसिंग आले. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव, तिथले पोलीस पाटील. धिप्पाड माणूस, पांढरं पागोटं, बोलणं अगदी सावकाश. मी म्हटलं, "टप गळतो." ते म्हणाले, "लगन पावसाळामा नई ऱ्हातस." मी म्हटलं, "ब्रेक उशिरा लागतो." ते म्हणाले, "आम्हना कडे चढ शे." मी म्हटलं, "जुनी झाली आहे." तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी बी." मग दलालाकडे वळून म्हणाले, "या बजारमा खरं सांगनारं मानूस आज पहिल्यांदा देखं. हाई गाडी मी लेस."

लग्नसराईत नवरदेव मिरवायला त्यांची एक घोडी होती, ती म्हातारी होऊन गेली. दुसरी घ्यायला आले होते. मोरणी घेऊन चालले.

आमच्याकडे घोड्याचा सौदा तोंडानं करत नाहीत, उपरण्याखाली बोटं धरून करतात, म्हणजे बघणाऱ्यांना आकडा कळत नाही. यांचा आणि वीरसिंगांचा हात उपरण्याखाली गेला. छगन म्हणाला, "बाबा, मोटारीचा व्यवहार असा करतात का?" हे म्हणाले, "गाडी यात्रामा तूच आनी ना?" बोटं हलत होती, दोघांचे चेहरे देवळातल्यासारखे शांत. झालं. काय ठरलं ते मी विचारलं नाही, आणि यांनी सांगितलं नाही.

आता पुढं ऐक. वीरसिंग गाडीत बसले, त्यांचा माणूस पुढं गेला आणि म्हणाला, हँडल द्या. यांनी सीटखालून हँडल काढलं, उपरण्यात गुंडाळलं आणि काखेत धरलं.

छगन म्हणाला, "बाबा, ते द्या त्यांना."

हे म्हणाले, "जनावरसंगे दावं देतस का कोनी?"

तुमच्याकडे आहे की नाही ठाऊक नाही, पण आमच्याकडे विकलेल्या जनावराबरोबर त्याचं दावं देत नाहीत. गाय विका, बैल विका, घोडी विका, पण तिला बांधायची दोरी आपल्या घरी परत येते. नाहीतर गोठ्याची बरकत जाते. यांच्या वडिलांनी दिलं नाही, आजोबांनी दिलं नाही. छगननं कपाळाला हात लावला. म्हणाला, "बाबा, ते दावं नाही. तो यंत्राचा भाग आहे." हे म्हणाले, "तो नसता गाडी जास का?" छगन म्हणाला, "नाही जात." "मग दावंच शे."

मला वाटलं, आता सौदा मोडणार. मनातल्या मनात मी नवस बोलून टाकला. पण वीरसिंगांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. म्हणाले, "बराबर शे. दावं नई देवानं." त्यांनाही ती रीत पटली. मग दोन बैल आणले, मोरणीला जुंपले आणि तिला ओढत नेलं. यात्रेतली सगळी माणसं बघायला जमली. मी बघितलं नाही. डोळ्यात धूळ गेली होती.

हँडल आता आमच्या गोठ्यात खुंटीला टांगलं आहे, जुन्या दाव्यांच्या शेजारी.

सरला


नंदुरबार
२९ डिसेंबर १९५९

प्रिय सरला,

युक्तीबद्दल माफ कर. मी वाचता वाचता आधी रडले, मग बैल आल्यावर हसले, मग पुन्हा रडले. अजीज साहेबांना वाटलं, कुणी वारलं.

पण मला एक सांग. भाईदासभाऊ खरंच इतके भोळे आहेत का? ज्या माणसानं कुणाला नाही म्हटलं नाही, त्यानं बरोबर तीच वस्तू ठेवून घेतली जिच्याशिवाय गाडी हलत नाही? मला त्यांच्या बरं मध्ये काहीतरी काळंबेरं दिसतं. एकदा विचारून बघ.

आणि नवी गाडी आली की सवय होईपर्यंत डोकं सांभाळ, छत खाली असतं. म्हणजे असेल.

अख्तर


सारंगखेडे
२५ जानेवारी १९६०

प्रिय अख्तर,

यांना विचारलं. म्हटलं, हँडल मुद्दाम ठेवलंत का? हे म्हणाले, "कपाशी येचाले बाया उन्यात का?" आणि उठून गेले. तू काय समजायचं ते समज.

अंडं आलं. पूजा केली, नारळ फोडला. दिलवरसिंगनं दार उघडून मला मागं बसवलं. शहाद्यापर्यंत त्याची मान बघत गेले. मान चांगली आहे, पण किती वेळ बघणार? मी म्हटलं, "पुढच्या वळणावर जरा हळू, तिथं म्हशी असतात." तो म्हणाला, "बाईसाहेब, आप आराम करो." म्हशी होत्या. हे बाजूला होते, पण मागच्या गादीवर दोघं अशी खोल रुतलो होतो की एकमेकांशी बोलायलाही वर यावं लागायचं. त्या दिवशी आम्ही काहीच बोललो नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात बैलगाडी येऊन थांबली. वीरसिंग उतरले, आणि त्यांच्यामागून एक माणूस, मनगटाला हळदीचा लेप. वीरसिंग ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि मला म्हणाले, "बाई, तुम्हनी घोडी लाथ मारस."

झालं होतं असं. त्यांनी लोहाराकडून दुसरं हँडल करून घेतलं. रीत मोडली नाही, कारण ते दावं नवं. पण मोरणीला हँडल मारण्याआधी स्टिअरिंगखालची स्पार्कची दांडी मागं घ्यायची असते. नाही घेतली तर हँडल उलटं फिरतं आणि हात मोडतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. छगनला तर ठाऊकच नाही. त्याला वाटतं गाडी हँडलनं सुरू होते.

मी वीरसिंगांना दांडीचं सगळं नीट समजावून सांगितलं. खरंच सांगितलं, अख्तर. लपवायचं मनात आलं होतं, पण तो जखमी हात समोर होता. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "समजनं. पन आते तिना जवळ कोनी जात नई. मन्हं सांगनं इतलंच, माले दावं नको. दावं धरनारी पाहिजे."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या पुतण्याचं लग्न. वरात मोरणीतून काढायचं साऱ्या पाड्यांना सांगून झालेलं.

छगन म्हणाला, "आई जाणार नाही. आमची आई काय ड्रायव्हर आहे?" सगळे यांच्याकडे बघायला लागले. हे अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. कातरून झाल्यावर म्हणाले, "जनावर अडी ऱ्हायनं तं जानंच पडी." आणि गोठ्यात जाऊन खुंटीवरचं हँडल काढून आणलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांनी कोटही घातलेला होता.

अख्तर, मी वरात नेली. डोंगराच्या पायथ्यानं, पळसाच्या झाडांमधून, पुढं ढोल आणि मागं शंभरभर माणसं नाचत. मोरणी इतकी हळू चालवायची होती की नाचणाऱ्यांच्या टाचा चुकवत जावं लागलं. मागं नवरदेव ताठ बसलेला, बाजूला हे. यांनी मला घाटातून परत येताना सबंध कपाशीचा हिशेब सांगितला, त्यांच्या बहिणीबद्दलचं मनातलं सांगितलं, आणि मी नवी साडी नेसले आहे हेही त्यांना दिसलं.

आता ठरून गेलं आहे. गाडी वीरसिंगांची, ती त्यांच्या दारात राहते, तिचा मान त्यांचा. वरात असली की त्यांची बैलगाडी मला घ्यायला येते. गाडी विकली तेव्हापासून मी ती जास्तच चालवते आहे. वीस फेब्रुवारीला एक वरात देवदर्शनाला प्रकाशा तीर्थाला न्यायची आहे, अगदी तापीच्या घाटापर्यंत.

छगन आठ दिवस बोलला नाही. मग म्हणाला, "निदान दिलवरसिंग तुला पोहोचवून येईल, बैलगाडीनं नको." मी म्हटलं, बरं.

तुझी,
सरला

ता. क. अंड्याची काच खरंच अर्ध्यावर अडकते. तू सांगितलंस तसं तळहातानं दाबून उलटी फिरवली, सुटली. दिलवरसिंग चाट पडला. तुझ्या शेजाऱ्यांना माझे आभार सांग.


नंदुरबार
२८ जानेवारी १९६०

प्रिय सरला,

तुझी ता. क. वाचून मला झोप लागली नाही.

शेजारी कुणी नाही. आमच्या शेजारी गिरणी आहे. गाडी आमचीच आहे. गेल्या मोहरमच्या आधीच आली. रंग आकाशी. तो गवताचा भारासुद्धा आमचाच होता, आणि त्यामागची वखारीची भिंत. बेबी वखारीतच आहे, तेवढं खरं, पण तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते.

मी तुला सांगणार होते. पण तुझं भांडणाचं पत्र आलं आणि वाटलं, आता सांगितलं तर ही मला छगनच्या बाजूला नेऊन बसवेल.

आणि सरला, त्याहून वाईट ऐक. मला ती आवडते. तिच्या पोटात काय आहे मला कळत नाही, आणि खरं सांगू, मला बेबीच्या पोटातलं कळायचं त्याचा कंटाळा आला होता. माझी बोटं काळी असायची, ईदलासुद्धा. ही किल्ली फिरवली की चालू होते. काचा लावल्या की बाहेर सगळं नंदुरबार आणि आत मी एकटी. कुणी हाक मारत नाही. आमच्या घरात सतरा माणसं आहेत, तुला त्याची किंमत कळेल की नाही माहीत नाही.

आता शिव्या दे.

अख्तर


सारंगखेडे
३ फेब्रुवारी १९६०

अख्तर,

पत्र मिळालं. सध्या वराती फार आहेत, त्यामुळं सविस्तर लिहायला वेळ नाही.

आकाशी?

सरला


नंदुरबार
१० फेब्रुवारी १९६०

प्रिय सरला,

हो, आकाशी.

वीस तारखेला तू प्रकाशाला येणार आहेस ना? मी अलीकडच्या काठावर येईन. नावेत बसणार नाही, ते या जन्मात होणार नाही. तू पलीकडून मला बघ, मी अलीकडून तुला बघेन. राग राहिला असेल तर तिथून दगड मार, पोहोचणार नाही.

अजीज साहेब त्या दिवशी लाकडाच्या लिलावाला जाणार आहेत. आले असते तर भाईदासभाऊंना सलाम सांगितला असता.

अख्तर


सारंगखेडे
२२ फेब्रुवारी १९६०

प्रिय अख्तर,

तू परवा काठावर किती वेळ होतीस आणि तुला काय काय दिसलं ते तू लिहिशीलच. मी माझ्या बाजूचं लिहिते.

मी अजून रागातच होते. वरात देवळात गेली, नवरदेव मात्र उपासानं दमून मागच्या बाकावर झोपला. मी मोरणी घाटाच्या तोंडाशी उभी केली, टप उघडा टाकला, म्हणजे तुला दिसावी. पलीकडं नुसता वाळवंटाचा पट्टा, टरबुजांच्या वाड्या, आणि धुणं वाळत घातलेलं. हे म्हणाले, "उनी का?" यांना तर नदीच दिसत नव्हती. मी म्हटलं, "लिलाव आहे ना त्यांचा. कोण आणणार तिला? उगाच लिहिलं असेल."

मग वाळूच्या वरच्या रस्त्यावर धूळ दिसली. धुळीतून तुझी गाडी आली. खरं सांगते, आकाशी रंग तापीवर वाईट दिसत नाही. गाडी अगदी हळू चालली होती. एका म्हशीसाठी थांबली. म्हैस गेल्यावरही जरा थांबूनच राहिली, मग धक्का खाऊन निघाली. मला वाटलं, हिचा ड्रायव्हर नवशिका दिसतो, गियर आधी ओढला नाही त्यानं.

गाडी थांबली. मी मागच्या दाराकडे बघत होते. मागचं दार उघडलं नाही. मग पुढचं डावीकडचं बघायला लागले. तेही उघडलं नाही.

उजवीकडचं दार उघडलं, पुढचं, आणि तू उतरलीस.

मी मोरणीच्या पायदानावर चढले. हे विचारत होते, "काय व्हयनं? कोन शे?" त्यांनी माझा पदर ओढला, "काबर रडी ऱ्हायनी?" मी म्हटलं, "ती स्वतः चालवत आली आहे. नंदुरबारहून. भर रस्त्यानं." लांबचं दिसत नसलं तरी हे त्या काठाकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "मंग भोंगा दे ना तिले."

मी भोंगा दिला. तू उलट दिलास. तुझा किती बारीक वाजतो गं, कोकरासारखा. मी पुन्हा दिला. तू पुन्हा. नवरदेव दचकून जागा झाला आणि मुंडावळ्या शोधायला लागला. देवळातली सगळी वरात घाटावर धावत आली. ढोलवाल्यांना वाटलं हा कार्यक्रमच आहे, त्यांनी ढोल सुरू केला. पलीकडून बारीक पोंक, अलीकडून मोरणी, आणि मध्ये ढोल. वीरसिंगांनी मला हळूच विचारलं, "पल्ला काठनी बाई कोन?" मी म्हटलं, "मन्ही मैत्रीण. तीबी गाडी चालाडस." त्यांनी पागोटं सारखं केलं आणि पलीकडे बघून रामराम घातला. तू परत हात केलास तो त्यांनाच होता, मला नव्हता, पण मी माझ्या खात्यावर धरला आहे.

वखारीच्या फाटकातून कशी निघालीस, कुणी अडवलं का, घरी काय झालं, अजीज साहेबांना कळलं तेव्हा ते काय म्हणाले, ते सगळं लिही. काही लपवू नकोस, तुला ते जमत नाही.

इकडे एक घोटाळा झाला आहे. त्या वरातीतली माणसं गावोगाव सांगत सुटली की मोटारीतून देवदर्शनाला गेलं की घाटावर उभं राहून भोंगा द्यायचा आणि पलीकडच्या काठानं उत्तर द्यायचं. त्याशिवाय दर्शन पुरं होत नाही. काल पुढच्या लग्नाचे लोक आले होते, होळीनंतरचं लग्न आहे. त्यांनी सुपारी ठेवली आणि विचारलं, पलीकडची बाई येईल ना? मी हो सांगून बसले आहे.

तुझी,
सरला